वीतभर भिंत

सोफियाजवळच्या पेर्निक गावातली आमची इमारत लांबून ठिगळांच्या गोधडीसारखी दिसते. एका घराचा चौकोन पिवळा, शेजारचा पिस्त्याच्या रंगाचा, वरचा गुलाबी, आणि मधूनमधून जुनं उघडं काँक्रीट. उघडं काँक्रीट म्हणजे तिथल्या मालकाकडे पैसे नाहीत, किंवा अक्कल नाही, किंवा मालकच स्पेनमध्ये आहे. आमच्याकडे ज्याने त्याने आपल्या घरापुरत्या भिंतीला बाहेरून कोट चढवून घ्यायचा, अशी रीत पडून गेली आहे. थर्माकोलचे जाड पत्रे चिकटवायचे, वर जाळी, वर गिलावा आणि त्यावर मनाला येईल तो रंग. गच्चीवरून दोर सोडून लटकणारे गडी येतात, काम उरकून जातात, आणि मालक खाली बाकावर बसून आपला चौकोन डोळे भरून बघतो. शेजाऱ्याचा चौकोन कुडकुडतो आहे म्हणून त्याच्या आनंदात काही कमी होतं, असं अजून तरी कोणाच्या बाबतीत दिसलेलं नाही.

चौथ्या मजल्यावरचा भोपळ्याच्या रंगाचा चौकोन दोन्काचा.

दोन्काची सगळी नोकरी पोलाद कारखान्यात क्रेन चालवण्यात गेली. खाली वितळलेल्या लोखंडाची भांडी आणि वर, छपराला टेकलेल्या केबिनमध्ये, दोन्का. बाहेर बर्फ पडत असलं तरी आत तिच्या अंगात बिनबाह्यांचा झगा असायचा. खालच्या पुरुषांना तिथून ओरडून हुकूम सोडायची तिला जी सवय लागली, ती निवृत्त झाल्यावरही सुटली नाही. आयुष्यभर जिला ऊब फुकट मिळाली, तिला म्हातारपणी ती विकत घ्यावी लागली. दर महिन्याला हीटिंगचं बिल यायचं आणि निम्मं पेन्शन गिळून जायचं. बिल आलं की ती भिंतीवरच्या रेडिएटरच्या गरम पाण्याची चावी थोडी आणखी आवळायची, आणि स्वेटरवर स्वेटर चढवून, तोंडाचा पट्टा चालू ठेवून घरभर फिरायची.

हा पट्टा बहुतेक वेळा खालच्या मजल्यावरच्या लाझारसाठी असायचा.

लाझार आणि दोन्काचा नवरा मेतोडी एकाच खाणीत होते. एकाच पाळीला जायचे, एकत्रच परतायचे, आणि हिवाळ्याच्या तोंडावर दोघं मिळून खाऱ्या पाण्यात आंबवायच्या कोबीचं पिंप भरायचे. मग सरकारने इमारतींना फुकट कोट घालून द्यायची योजना काढली. आमच्या विंगेत जो माणूस आला त्याने अट सांगितली, की सगळ्या घरमालकांच्या सह्या हव्यात. सगळ्यांनी केल्या. लाझारने केली नाही. का, ते त्याने सांगितलं नाही. फक्त दार लावून घेतलं. समोरच्या इमारतीला नवा कोरा कोट मिळाला आणि आमची विंग तशीच उघडी राहिली. त्यावर कडी म्हणजे लाझारने स्वतःच्या घरातले रेडिएटरही काढून टाकले. बिल नको म्हणून. दोन्काने जिन्यात उभं राहून त्याचा उद्धार केला तो पहिल्या मजल्यापर्यंत ऐकू गेला.

"माझ्या उबेवर जगतोय मेला! माझी जमीन म्हणजे याचं छप्पर!"

"जाऊ दे गं," मेतोडी म्हणाला. त्याला खोकल्याने पुढे बोलता आलं नाही.

दोन हिवाळ्यांनी मेतोडी गेला. खाणीतल्या धुळीने गेला, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पण धुळीशी भांडता येत नाही, आणि लाझार तर जिन्यात रोज समोर यायचा. दोन्काने मनाशी ठरवून टाकलं, की तो कोट मिळाला असता तर मेतोडी आणखी जगला असता. तेव्हापासून ती लाझारला अहोजाहो करू लागली. जुन्या ओळखीच्या माणसाला आमच्याकडे यापेक्षा वाईट शिक्षा देता येत नाही.

या सगळ्याला बरीच वर्षं झाली. दोन्काची मुलगी रालित्सा ऑस्ट्रियाला लिंझमध्ये नर्स आहे. तिची मुलगी यासेना पाच वर्षांची. मागच्या नाताळात दोघी आल्या होत्या आणि तिसऱ्या दिवशी यासेनाला असा खोकला लागला, की रालित्साने बॅगा भरल्या आणि सोफियाला सासूकडे निघून गेली. दोन्काला त्या खोकल्यात मेतोडीचा खोकला ऐकू आला होता.

या वर्षी सप्टेंबरातच रालित्साचा फोन आला.

"आई, आम्ही येऊ. पण उतरू सासूबाईंकडे. नाताळच्या आदल्या संध्याकाळी तुझ्याकडे जेवायला येऊ ना."

"जेवायला? म्हणजे पाहुण्यांसारखं?"

"मग काय करू? तुझ्याकडे भिंतीला हात लावला तर हात गारठतो. ती महिनाभर खोकत होती, आई."

"मी गरम ठेवीन या वेळी."

"दर वर्षी तू हेच म्हणतेस." मग जरा थांबून, मऊ आवाजात, "कोबी घालणार आहेस ना? बाबांसारखा?"

"घालणार. न घालायला काय झालं?"

फोन ठेवल्यावर दोन्का बराच वेळ स्वयंपाकघरात बसून राहिली. पोर एकदा सासरी उतरायला लागली की आईचं घर हे भेट देण्याचं ठिकाण होतं. आधी जेवण, मग नुसती कॉफी, मग वर्षाआड कॉफी. आमच्या विंगेत अशा आया मजल्यामजल्यावर आहेत. दोन्काला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. ती उठली आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यातून स्वतःच्या मयतासाठी बाजूला ठेवलेले पैसे काढले. आमच्याकडे सगळे म्हातारे असे पैसे ठेवतात, मुलांवर भार नको म्हणून.

"मेल्यावर थंडच पडायचंय," ती मेतोडीच्या फोटोला म्हणाली. "त्यासाठी कशाला साठवू?"

ऑक्टोबरात गालिन आला. दोरावर काम करणाऱ्यांपैकी हा एक, तोंडात गाणं आणि कमरेला करवत. नव्या खिडक्या बसल्या, बाल्कनीलाही काच आणि थर्माकोल लागलं. मधलं दार काढून बाल्कनी आतल्या खोलीला जोडून घेतली आणि तिथे यासेनासाठी छोटा पलंग आला. शेवटच्या दिवशी गालिन खिडकीबाहेर लटकत असताना त्याने काचेवर टकटक केली.

"मावशी, खाली वीतभर जास्त घेऊ का?"

"खाली कुठे?"

"तुमची जमीन जिथे भिंतीत शिरते ना, त्या काँक्रीटच्या कडेवर. ती झाकली नाही तर थंडी तिथूनच आत येते. सगळे घेतात."

"म्हणजे लाझारच्या भिंतीवर?"

"वीतभरच. जास्तीचे पैसे पण नकोत."

"वीतभर काय, बोटभरसुद्धा नाही! इतकी वर्षं फुकट खाल्लं त्याने माझ्या जिवावर. आता वरून कोटाची झालर पण देऊ? जिथे माझी हद्द संपते तिथे काप."

"मावशी, थंडीला हद्द कळत नाही हो."

"मला कळते. काप."

गालिनने खांदे उडवले आणि सरळ रेषेत कापलं. खाली बाकावर लाझार कानटोपी घालून बसला होता आणि वर बघत होता. त्याच्या पायाशी थर्माकोलचा पांढरा भुगा उडत होता. त्याने तो कोटावरून झटकला आणि आत गेला.

पहिले काही आठवडे दोन्काचे हवेत गेले. ती येताजाता भिंतीवर हात फिरवायची, गाभण गाईच्या पाठीवर फिरवावा तसा. रेडिएटरची चावी नेहमीपेक्षा कमी उघडूनही खोली उबदार राहायची. खिडकीच्या काचेवर आतून पाणी साचत नव्हतं. बिल येईल तेव्हा निम्मं येईल, असं ती भेटेल त्याला सांगत होती, आणि ते खरंही होतं.

फक्त जमीन. भिंती उबदार झाल्या, छताची ऊब वरच्यांकडून यायचीच, पण जमीन बर्फासारखी राहिली. विशेषतः यासेनाच्या खोलीत आणि भिंतीच्या कडेला, जिथे गालिनला ती वीत हवी होती. दोन्काने एकावर एक दोन गालिचे टाकले. तरी सकाळी अनवाणी पाय ठेवला की गारवा वर चढायचा. यासेना कशी खेळते हे तिला चांगलं ठाऊक होतं. ती पोर खुर्चीवर बसत नाही. जमिनीवर पोटावर पडून चित्रं काढते. दोन्का त्या कडेकडे बघायची आणि मग दुसरीकडे बघायची.

नोव्हेंबरात तिने कोबीचं पिंप भरायला घेतलं. अख्खे गड्डे, देठात मीठ, वर खारं पाणी, मक्याचे दाणे, बीट. रिकामं पिंप नेहमीच्या कोपऱ्यात ठेवायला ती वळली तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. नेहमीचा कोपरा म्हणजे बाल्कनी, आणि बाल्कनी आता होती यासेनाची झोपायची जागा. लग्न झाल्यापासून ते पिंप तिथल्या गारठ्यात उभं राहिलं होतं, आणि घर गरम करायच्या नादात हे तिच्या एकदाही ध्यानात आलं नव्हतं. ही चूक आमच्याकडचीच. जगात दुसरीकडे कोणी करत असेल असं वाटत नाही. तिने पिंप पलंगाशेजारीच ठेवून भरलं. थोड्याच दिवसांत पाण्यावर फेस आला आणि खोलीत असा वास सुटला, की पाहुणा दारातून परत जावा. एक गड्डा दाबून पाहिला तर बोट आत गेलं.

खिडकी उघडी टाकावी तर विकत घेतलेली ऊब रस्त्यावर. तळघरातून हीटिंगचे पाइप जातात, तिथे कोबी आठवडाभर टिकला नसता. वरच्या मजल्यावरच्या बाईला विचारलं तर ती म्हणाली, "अगं, माझ्या बाल्कनीत आता आमचा सोफा आहे." तिसऱ्या विंगेपर्यंत विचारून झालं. सगळ्यांनी आपापली थंडी बाहेर काढली होती. अख्ख्या विंगेत थंड बाल्कनी उरली होती फक्त एक, आणि ती कुणाची हे दोन्काला पहिल्यापासून माहीत होतं.

ती खाली गेली. एकदा परत फिरली. पुन्हा गेली आणि बेल दाबली.

लाझारने दार उघडलं. तो पूर्वीपेक्षा बारीक दिसत होता.

"तुमच्या बाल्कनीत थंडी आहे का?" दोन्काने विचारलं.

लाझारने तिच्याकडे नीट पाहिलं. "थंडीच आहे," तो म्हणाला. "दुसरं काय आहे माझ्याकडे?"

"माझा कोबी जातोय."

"मऊ पडला?"

"वरचा एक. बाकी अजून बरे आहेत."

"मग उभी का आहेस? बादल्या आण."

भरलेलं पिंप दोघांच्याने हलणार नव्हतं. त्यांनी बादल्यांतून एकेक गड्डा खाली नेला, मग पाणी, मग रिकामं पिंप. जिन्यात पाणी सांडलं, विंगभर वास सुटला, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांना बातमी लागली की दोन्का लाझारच्या घरात शिरली. बाल्कनीत पिंप पुन्हा भरताना लाझारने आत डोकावून पाहिलं.

"बीट एकच?"

"एकच."

"मेतोडी दोन घालायचा."

"माझा नवरा काय करायचा ते मला सांगू नका."

पण ती वर गेली आणि आणखी एक बीट घेऊन आली.

कोबी नुसता ठेवून चालत नाही. रोज तळापर्यंत नळी सोडून फुंकावं लागतं, म्हणजे खालचं पाणी वर येतं. मेतोडी होता तेव्हा तो फुंकायचा. पुढे त्याच्या छातीला झेपेना तेव्हा लाझार. आता दोन्का रोज सकाळी लाझारकडे यायची, बाल्कनीत उभी राहून गाल फुगवून फुंकायची आणि निघून जायची. सुरुवातीला दोघं बोलत नसत. पण बाल्कनीत जायला सगळ्या घरातून जावं लागायचं, आणि डोळे तर मिटून घेता येत नाहीत. लाझारने खाट स्वयंपाकघरात आणली होती. टेबल, खाट, आणि चाकांवरचा एक तेलाचा हीटर, बस. बाकीच्या खोल्या बंद. एक खोली, यासेनाच्या खोलीच्या बरोबर खालची, तिला ओलांडूनच बाल्कनी लागायची. तिथे श्वासाची वाफ दिसायची. त्या खोलीत काहीच नव्हतं, फक्त भिंतीला टेकवून ठेवलेलं एक जुनं ओकचं दार. त्याला लोखंडी कडी होती.

"हे कुठलं?" एके दिवशी न राहवून दोन्काने विचारलं आणि नळी तोंडात घेतली.

"आमच्या घराचं. ही इमारत आहे ना, इथेच होतं. अंगण, अक्रोडाचं झाड, दोन डुकरं." लाझार दाराच्या कडीला हात लावून उभा राहिला. "माणूस आला. म्हणाला, सही करा, तुम्हाला नव्या इमारतीत घर मिळणार, गरम पाणी, सगळं फुकट. बापाने केली. मीच म्हटलं होतं कर म्हणून, मला गरम पाणी हवं होतं. पाडायला आले तेव्हा बापाने हे दार तेवढं काढून घेतलं. घर मिळालं आम्हाला, नाही म्हणत नाही. पण तो नव्या घरात एक हिवाळा राहिला. म्हणायचा, इथे दार उघडलं की बाहेर जाता येत नाही, जिन्यात येतो माणूस."

दोन्का फुंकत होती. तोंडात नळी असल्यामुळे तिला ऐकून घ्यावं लागलं, आणि कोणाचं काही पूर्ण ऐकून घ्यायची तिची ही पहिलीच वेळ असावी.

"मग तो दुसरा माणूस आला कोटाचा कागद घेऊन," लाझार म्हणाला, "आणि म्हणाला, फुकट आहे, फक्त सही. माझा हातच उचलेना. मेतोडीला सांगितलं होतं मी हे. तुला नाही सांगितलं त्याने?"

दोन्काने नळी काढली. "नाही."

"तू ओरडशील म्हणून असेल."

पिंपात बुडबुडे येऊन फुटत होते. मेतोडीने सांगायचा प्रयत्न केला होता का, हे तिला आठवेना. तो काहीही सांगायला लागला की ती त्याच्या आधी बोलायला सुरुवात करायची. तिला एकदम त्या गेलेल्या माणसाचा राग आला आणि लगेच त्याची आठवण आली, नुसती आठवण, आवाजासकट. तिने नळी पुसून पिंपावर ठेवली.

"नात येणार ना?" लाझारने दारात विचारलं.

"येईल. राहील की नाही, देव जाणे. भिंती झाल्या गरम, पण जमीन बर्फ आहे. पोर जमिनीवरच लोळते. आई तिला जमिनीवर बघेल आणि बॅगा उचलेल." आणि मग, जुन्या सवयीने, जरा धार लावून, "तुमच्या त्या बंद खोलीच्या वरच खोली आहे तिची."

लाझारने मान वर करून छताकडे पाहिलं. वितेची गोष्ट दोन्काने काढली नाही. ती वर गेली आणि तिसरा गालिचा शोधू लागली.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी रालित्सा आली. यासेनाचा हात धरून, बॅगा गाडीतच. दोन्काने जिन्याच्या खिडकीतून आधी गाडीकडे पाहिलं होतं. मागच्या सीटवर दोन मोठ्या बॅगा दिसत होत्या, आणि कोणी त्यांना हात लावत नव्हतं.

"बघू या, आई," रालित्सा बूट काढता काढता म्हणाली. "सासूबाईंना सांगितलंय, रात्री येऊ."

दोन्काने मान डोलावली. टेबल मांडलेलं होतं. त्या संध्याकाळी आमच्याकडे मांस नसतं. बीन्स, सुक्या मेव्याचं पाणी, भोपळ्याचा गोड पाव, लसूण, अक्रोड, आणि कोबीच्या पानांत भात भरून शिजवलेल्या सारमी. त्यांचा वास जिन्यापर्यंत जात होता. एक ताट जास्तीचं, मेतोडीचं. रात्री टेबल आवरत नाहीत. गेलेली माणसं येऊन जेवतात. रालित्साने भांड्याचं झाकण उचललं, वास घेतला आणि डोळे मिटले.

"हा बाबांचाच आहे," ती म्हणाली. "कसा जमवलास?"

"दोन बीट घातले," दोन्का म्हणाली.

तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की यासेना दिसत नाही. दोघी आतल्या खोलीत गेल्या. यासेनाने मोजे काढून फेकले होते, तिन्ही गालिचे पायाने गोळा करून बाजूला सारले होते आणि ती उघड्या जमिनीवर पोटावर पडून चित्र काढत होती. दोन्का पुढे झाली. "अगं, उठ!" ती ओरडणार इतक्यात रालित्सा खाली वाकली आणि तिने जमिनीवर हात ठेवला.

तिने हात तसाच ठेवला. मग दुसरा हातही ठेवला.

"आई, जमिनीखाली काही बसवलंस का?"

"काय बसवणार?"

"गरम आहे. बघ."

दोन्का गुडघ्यांवर बसली. जमीन खरंच उबदार होती. भाकरी काढून घेतल्यावर तवा जसा हळूहळू निवत राहतो, तसली ऊब. पलंगाच्या पायाशी जास्त, कडेला कमी. दोन्का तिथे बसून राहिली. क्रेन चालवताना पायाखालची ऊब कुठून येते याचा तिने कधी विचार केला नव्हता. खाली आग आहे हे माहीतच असायचं. आत्ताही तिला लगेच कळलं. फक्त ते मान्य करायला एक क्षण लागला.

"मी आलेच," ती म्हणाली आणि घरातल्या चपलांनीच खाली उतरली.

लाझारने दार उघडलं. अंगात कोट होता, त्याच्यावर घोंगडी, डोक्याला कानटोपी. स्वयंपाकघरात हीटरच्या जागी फरशीवर चाकांच्या दोन रेघा होत्या, त्या बंद खोलीच्या दाराखाली गेल्या होत्या. त्या दाराच्या फटीतून गरम हवा येत होती. टेबलावर चहाचा पेला होता. दोन्काने त्याला हात लावला. तो गार होता.

"हीटर कधीपासून आहे तिथे?"

"परवापासून. काँक्रीट म्हातारं आहे, वेळ लागतो त्याला."

"आणि तू?"

तिने त्याला अरेतुरे केलेलं दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"मला खाणीची सवय आहे."

"खाणीत ऊब असते. मला शिकवू नकोस, मेतोडी सांगायचा."

लाझारने खांदे उडवले. "त्याची नात आहे. जमिनीवर लोळते म्हणालीस."

दोन्काला लाज वाटली. इतकी वर्षं ती जिन्यात उभी राहून सांगत होती की हा माझ्या उबेवर जगतो, आणि आता तो स्वतःच्या घरात तोंडातून वाफ सोडत बसला होता आणि तिचं घर खालून तापत होतं. तिला काहीतरी मोठं बोलायचं होतं. पण मोठं बोलायला तिला फक्त ओरडूनच येत असे.

"टोपी काढ आणि वर चल!" ती ओरडली.

"मी नको. मुलगी आली आहे तुझी."

"मेतोडीचं ताट मांडलंय. तो आज एकट्याने जेवणार का?"

लाझारने टोपी काढली. केस चपटे झाले होते. त्याने ते हाताने सारखे केले. मग बाल्कनीत जाऊन पिंपातला एक गड्डा काढला, कारण रिकाम्या हाताने कसं जायचं. हीटर बंद करायला तो खोलीकडे वळला तेव्हा दोन्का म्हणाली, "राहू दे चालू. बिल मी बघते."

रालित्सा लाझारला पाहून दारातच थबकली. मग "लाझारकाका!" म्हणाली आणि त्याच्या गळ्यात पडली, कोबीच्या गड्ड्यासकट. काय झालं ते दोन्काने तिला एका वाक्यात सांगितलं. रालित्साने आतल्या खोलीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि गाडीची किल्ली घेऊन खाली गेली. परत आली तेव्हा दोन्ही बॅगा तिच्या हातांत होत्या आणि ती धापा टाकत होती.

"लिफ्ट बंद आहे," ती म्हणाली. "पुढच्या वेळी कोणीतरी मदतीला या."

त्या संध्याकाळी पाव वडीलधाऱ्याने मोडायचा असतो. मेतोडीनंतर दोन्का मोडत होती. तिने पाव लाझारसमोर ठेवला. त्याने पहिला तुकडा गेलेल्यांसाठी काढला, दुसरा घरासाठी, आणि कोणाचं घर हे कोणी विचारलं नाही. जेवता जेवता उबेने त्याला पेंग आली. यासेनाने त्याचा हात हातात घेऊन पाहिला आणि आजीला कुजबुजून सांगितलं, "आजी, आजोबांचा हात अजून थंड आहे." दोन्काने त्याच्या ताटात आणखी दोन सारमी वाढल्या.

एप्रिलमध्ये गालिन पुन्हा दोरावर लटकला, या वेळी लाझारच्या भिंतीसाठी. मयतासाठी नव्याने पैसे साठवायला घेतले होते, ते दोन्काने मध्येच मोडले होते. लाझार खाली बाकावर बसून दर थोड्या वेळाने ओरडत होता.

"मला सही करावी लागेल का रे?"

"दोरावर लटकून सही कुठे घेऊ, काका?"

"मग ठीक आहे. बाल्कनी तेवढी सोड! बाल्कनीला हात लावू नकोस!"

"का?"

"कोबी!" लाझार आणि दोन्का एकदमच म्हणाले, तो खालून आणि ती वरच्या खिडकीतून.

भोपळ्याचा रंग हळूहळू एक मजला खाली उतरला. दोन्काने उघडी सोडलेली काँक्रीटची कड त्याच्याखाली दिसेनाशी झाली. लाझारच्या भिंतीच्या तळाशी पोचल्यावर गालिनने करवत काढली, खालच्या घराच्या खिडकीकडे एकदा पाहिलं, आणि मान वर केली. त्या घरात दोन पोरांची एक बाई भाड्याने राहायला आली होती. दोन्काने तिला अजून नीट पाहिलंही नव्हतं.

"मावशी, इथे काय करू? हद्दीला कापू, की खाली वीतभर जास्त घेऊ?"

"घे," दोन्का म्हणाली. "विचारतोस काय?"